दादांच्या गाडीचा काटा

दादांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. निवृत्त झाल्यापासून घरातली अशी बरीच कामं माझ्याकडं आली आहेत. फोन खाली स्वयंपाकघरात राहिला होता. बायको तो घेऊन घाईघाईनं जिना चढून आली आणि फोनवर हात धरून म्हणाली, "ईटवरनं आहे. दादा आहेत."

मला आधी वाटलं, कुणीतरी गेलं. दुसरं काय वाटणार? गावाकडं, ईटला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावानं माझ्याशी बोलणं टाकून बरीच वर्षं झाली होती.

"मी बोलायलोय," दादा म्हणाले.

"बोला दादा."

"तुझ्याकडं ते वायर तपासायचं मीटर हाय न्हवं?"

"आहे."

"गाडीचा काटा मेलाय. पेट्रोलचा. रविवारी येतूस का?"

"येतो."

"बरं." आणि फोन बंद.

मी तिथंच टाकीच्या कठड्यावर बसलो. ओली चादर हातात तशीच. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "गाडीचा काटा बिघडलाय." तिला काही कळेना. खरं तर मलाही कळत नव्हतं. पण मला इतका आनंद झाला होता की मी तो शनिवार कसा काढला ते मलाच माहीत.

दादा माझ्यापेक्षा बरेच मोठे. वडील लवकर गेले, त्यामुळं मला शिकवलं ते त्यांनीच. आमच्या भागात खव्याचा धंदा जुना. दादांचीही दारात भट्टी होती. गावातलं दूध गोळा करायचं, सकाळभर कढईत आटवायचं आणि खव्याचे गोळे कापडात बांधून भूमला, कधी थेट बार्शीला पोचवायचे. सुरुवातीला हे सगळं सायकलवर आणि एसटीच्या टपावर चालायचं. मग धंदा जरा बरा चालला आणि दादांनी मोटारसायकल घेतली. लाल रंगाची, टू-स्ट्रोक, जपानी कंपनीच्या भागीदारीत तेव्हा निघालेली. त्या गाडीला वेगाच्या मीटरशेजारी आणखी एक लहान मीटर होतं, पेट्रोलचं. गावात तेव्हा ज्या दोन-चार गाड्या होत्या त्यांना असलं काही नव्हतं. लोक गाडी हलवून, टाकीला कान लावून पेट्रोलचा अंदाज घ्यायचे. दादा नुसती चावी फिरवायचे. काटा हळूहळू वर चढायचा आणि बघायला जमलेली माणसं "आरं तिच्या!" म्हणायची. दादांना त्याचं फार अप्रूप होतं. गाडी जुनी झाली, मुलांनी नव्या गाड्या घेतल्या, खव्याचा धंदा मुलांकडं गेला, पण दादांनी ती गाडी सोडली नाही.

आमचं बोलणं बंद झालं ते माझ्या मुलीच्या लग्नावरून. तिनं पुण्यात नोकरी करताना स्वतः मुलगा पसंत केला. आमच्या जातीचा नव्हता. मला आणि बायकोला ते गळी उतरायला वेळ लागला, नाही असं नाही, पण मुलगा भला होता आणि पोरगी ठाम होती. दादांना कळलं तसे ते पहिल्या गाडीनं आमच्या घरी धाराशिवला आले. दिवाणखान्यात खुर्चीच्या कडेवर बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"समजाव तिला," ते म्हणाले.

"समजावून झालं दादा. ती ऐकत नाही. आणि आता मलाही वाटतं की..."

"तुला काय वाटतंय ते म्या इचारलं न्हाय." ते उठले. "हे झालं तर मला भाऊ न्हाय. आन् ती पोरगी तर मला न्हायच."

लग्न झालं. दादा आले नाहीत. घरातलं कुणीच आलं नाही. मग सणावाराला मी फोन करायचो तर वहिनी दबक्या आवाजात दोन शब्द बोलायच्या. नंतर मीही करणं सोडलं.

त्या रविवारी मी मीटर, पाने, पेचकस असं सगळं पिशवीत घालून ईटला गेलो. शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केल्यामुळं एवढी हत्यारं माझ्याकडं आहेत. दादा अंगणात गाडी उभी करून वाटच बघत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"परवा पाथरूडच्या रस्त्याला पेट्रोल संपलं," ते म्हणाले. "रिझर्व्हचा कॉक बी जाम झालाय. लई लांब ढकलत आणली. छातीत दुखाया लागलं. पोरं म्हणत्यात भंगारात घाला. म्या म्हणलं, माझा भाऊ करंल काहीतरी."

'माझा भाऊ' हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मी मान खाली घालून गाडीची वायर शोधायला लागलो.

टाकीच्या पोटातून येणारी वायर सोडवली आणि तिचं टोक गाडीच्या लोखंडाला टेकवलं. वरचा काटा सरळ चढत जाऊन पूर्ण भरल्याच्या खुणेवर टेकला. म्हणजे मीटर चांगलं होतं. बिघाड टाकीच्या आत होता. आम्ही पेट्रोल काढून घेतलं, टाकी उतरवली आणि खालचे नट सोडून आतला भाग अलगद बाहेर काढला. एका तारेच्या दांड्याला पितळेचं छोटं डबडं, तोच फ्लोट. पेट्रोलवर तो तरंगतो, पेट्रोल कमी झालं की खाली जातो, आणि त्याच्या दांड्याचं दुसरं टोक बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत जातं, त्यावरून वरचा काटा हलतो. दादांनी फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल डुचमळत होतं. त्याला भोक पडलं होतं. गुंडाळी तर गंजून तुटूनच गेली होती.

"नवा मिळंल का?" त्यांनी विचारलं.

"ही गाडी बंद होऊन किती वर्षं झाली दादा. बघू या."

तिथून आमचे रविवार सुरू झाले. मी सकाळच्या एसटीनं भूमला जायचो, दादा टाकीचं ते तोंड पत्र्याच्या चकतीनं बंद करून गाडी तिथं घेऊन यायचे आणि मग आम्ही निघायचो. आधी भूममधली सगळी दुकानं झाली. मग बार्शी. मग सोलापूरचा जुना बाजार, तिथं तर आम्ही दोन-तीनदा गेलो. दुकानदार तुटका फ्लोट हातात घेऊन उलटसुलट बघायचे, आणि बहुतेक जण हसायचे. एकानं दुसऱ्याच गाडीचा फ्लोट दिला, तो टाकीच्या तोंडातून आतच जाईना. दुसऱ्या एकानं सांगितलं, लातूरला एका माणसाकडं जुना माल पोत्यांनी पडून आहे. आम्ही लातूर गाठलं तर त्या माणसाच्या मुलानं तिथं मोबाईलचं दुकान टाकलेलं. माल कुठं गेला विचारलं तर त्यानं रस्त्याकडं हात केला, "गेला कवाच."

मग मी जुनाच भाग दुरुस्त करून बघायचं ठरवलं. पितळेच्या फ्लोटमधलं पेट्रोल काढून त्याला भरपूर उन्हं दाखवली आणि भोकावर कथलाचा डाग मारला. गुंडाळी धाराशिवमध्ये पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करणाऱ्या एका ओळखीच्याकडून नव्यानं गुंडाळून घेतली. बसवल्यावर काटा हलला खरा, पण खड्डा आला की भरलेल्यावरून रिकाम्यावर, आणि पुन्हा वर. दादा गाडी चालवता चालवता ओरडले, "अरं ह्यो काटा हाय का पोळ्याचा बैल!" आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून पोट धरून हसलो. लहानपणी विहिरीवर हसायचो तसे. महिनाभरात तोही काटा मेला. पण दादांना त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "पुढच्या रविवारी कुठं?" त्यांनी लगेच विचारलं.

मागं बसून जाताना गप्पा व्हायच्या. वाऱ्यात ओरडून बोलावं लागायचं. आईच्या आठवणी, वडिलांची शेळ्यांची खोड, मी शाळा बुडवून तळ्यावर गेलो होतो आणि दादांनी मला तिथून कान धरून आणलं होतं ते. माझ्या बायकोची चौकशी व्हायची, माझ्या पेन्शनची, माझ्या गुडघ्याची. मुलीचं नाव मात्र दादांच्या तोंडून एकदाही आलं नाही. मीही काढलं नाही. मला वाटायचं, होईल हळूहळू. माणूस गाडीवर मागं बसू देतोय, एका ताटात जेवतोय, तर तेही होईल.

सगळ्यांत लांबची फेरी सास्तूरची झाली. तिथल्या एका शेतकऱ्याकडं हुबेहूब हीच गाडी आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. दादा आदल्या दिवशी माझ्याकडं धाराशिवला मुक्कामाला आले. लग्नाच्या त्या गोष्टीनंतर पहिल्यांदाच ते माझ्या घरी जेवले. मुलीचा आणि जावयाचा फोटो भिंतीवर होता. दादा त्याच्याकडं पाठ करून बसले, पण बायकोनं केलेल्या शेंगांच्या पोळ्या दोनदा मागून खाल्ल्या. सकाळी आम्ही बेंबळीवरून पुढं निघालो.

सास्तूरचा तो शेतकरी दादांच्याच वयाचा होता. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांमागं उभी. टाकी एका बाजूनं चेपून गेलेली. "भूकंपात घर पडलं तवा माळवदाचं लाकूड हिच्यावर आलं," तो म्हणाला. "ही निघाली. माणसं न्हाय निघाली." गाव नव्या जागेवर वसलं तेव्हा तो ही गाडी बैलगाडीत घालून इकडं घेऊन आला होता. नंतर ती कधी चालू केली नव्हती. तरी आम्ही काय शोधतोय ते ऐकल्यावर तो स्वतःच पाना घेऊन बसला. "काढून घ्या. मला काय करायचंय?"

नट गंजून बसले होते. फार खटपटीनं टाकीचा तो भाग निघाला. दादांनी तो दोन्ही हातांत धरला, आणि फ्लोटचा दांडा तिथंच मोडून खाली पडला. आतली गुंडाळी बोटांत चुरा होऊन गेली. दादा त्या चुऱ्याकडं बघत राहिले. शेतकऱ्यालाच वाईट वाटलं. त्यानं आम्हाला बळेच जेवायला बसवलं, सुनेला सांगून पिठलं टाकायला लावलं, आणि निघताना गाडीजवळ येऊन म्हणाला, "पुन्यांदा इकडं आलात तर या."

परतीच्या वाटेवर बेंबळीत चहाला थांबलो. कप हातात घेऊन ते म्हणाले, "त्या माणसाचं सगळं गेलं. तरी आपल्याला जेवू घातलं त्यानं."

"हो."

"माणूस असताना किंमत कळत न्हाय."

मला वाटलं, आता विचारतील. कशी आहे, बरी आहे का, एवढं जरी विचारलं असतं तरी मला पुरलं असतं. दादांनी चहा संपवला, कप बाकड्यावर ठेवला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "तुझी साखर किती निघाली रे परवा?"

मी साखरेचा आकडा सांगितला.

मुलगी दर रविवारी संध्याकाळी पुण्याहून फोन करते. या सगळ्यात माझे तिचे फोन चुकायला लागले. एकदा तिनं विचारलंच, "पप्पा, हल्ली रविवारी असता कुठं?"

"दादांकडं."

ती मग म्हणाली, "बोलतात?"

"माझ्याशी बोलतात."

मी तिला सगळी हकिकत सांगितली. सास्तूर, लातूर, पोळ्याचा बैल. ती हसली. आणि हसता हसता म्हणाली, "मोठे बाबा मला विचारायचे, बाय, काटा काय म्हणतोय गं? मी सांगायचे, पोट भरलंय. नाहीतर सांगायचे, भूक लागलीय."

मी ते विसरूनच गेलो होतो; दादांना ती मोठे बाबा म्हणायची. दादांना दोन मुलगेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही ईटला गेली की दादा तिला पुढं टाकीवर बसवून भूमला खवा द्यायला न्यायचे. काट्यावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. "भूक लागलीय" म्हणाली की खरोखर गरज नसली तरी ते पंपावर गाडी थांबवायचे. तिच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं तिचं डोकं बांधून न्यायचे.

त्यानंतर काही दिवसांनी तिनं मला तुटक्या भागाचे फोटो मागितले. वरून, खालून, पट्टी शेजारी ठेवून. मी पाठवले. ती कुठल्या तरी जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या लोकांच्या फोनवरच्या गटात शिरली होती. तिथं कोल्हापूरकडच्या एका माणसाजवळ तो भाग निघाला. न वापरलेला, कंपनीच्या मूळ खोक्यात. तिनं तो मिळवला आणि सरळ माझ्या पत्त्यावर पाठवला. खोका पिवळा पडलेला, आत तेलकट कागदात गुंडाळलेला फ्लोट, पितळ असं चकचकीत की हात लावायला नको वाटावं. सोबत रबराची रिंगसुद्धा.

मी तो बायकोला दाखवला. ती म्हणाली, "आणि दादांनी विचारलं कुठून आणला म्हणून, तर?"

"बघू."

"सोलापूरला मिळाला म्हणा."

मी हो म्हणालो. एसटीत बसल्यावरही मी तेच घोकत होतो. सोलापूर, जुना बाजार, कोपऱ्यावरचं दुकान.

ईटला त्या दिवशी सकाळीच भट्टी पेटलेली होती, अंगणभर खव्याचा वास. मी खोका उघडला तर दादांचा विश्वासच बसेना. त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि मग तो भाग हातात घेतला. बसवायला वेळ लागला नाही, सगळे आटे जिथल्या तिथं. टाकी चढवली, वायर जोडली. दादांनी स्वतः कॅनमधून पेट्रोल ओतलं आणि चावी फिरवली.

काटा थोडा थरथरला आणि चढायला लागला. अगदी सावकाश. अर्ध्यावर आला, पुढं गेला.

"उठला! अगं ए, भाईर ये! उठला बघ!" दादांनी वहिनींना हाक मारली. शेजारच्यांना बोलावलं. चावी बंद करून पुन्हा फिरवून दाखवली. वहिनींनी माझ्या हातावर गरम खवा ठेवला. दादा माझ्या खांद्याला धरून हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं ते मला आठवत नाही.

"कुठं गावला रे? सोलापुरात का?"

उत्तर त्यांनी स्वतःच माझ्या तोंडात दिलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण त्यांचा तो चेहरा बघून मला वाटलं, आज नाही तर कधीच नाही. मी म्हणालो, "पोरीनं शोधून पाठवला दादा. तिच्या लक्षात आहे सगळं. टाकीवर बसून तुम्हाला काटा सांगायची ती."

दादांचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला. त्यांनी चावी बंद केली. खिशातलं फडकं काढून बोटं पुसली, एकेक करून, आणि घराकडं बघून म्हणाले, "चहा टाक गं त्येला. गाडीची वेळ व्हायली."

एसटीला अजून पुष्कळ वेळ होता. मी ओसरीवर बसून चहा घेतला. दादा आतल्या खोलीत होते. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आले. "संबाळून जा," एवढं म्हणाले.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी केला तर वहिनी म्हणाल्या, शेतात गेलेत. नंतर केला तर म्हणाल्या, झोपलेत. मी काही पुन्हा पुन्हा केला नाही. शोधायचं आता काही उरलं नव्हतं, तर फोन करून तरी काय विचारायचं होतं? बायको म्हणायची, "तुम्ही खरं बोललात, त्यात तुमचं काय चुकलं?" ते बरोबरच होतं. पण तो भाग सापडलाच नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. अजून वर्षभर आम्ही हिंडलो असतो. कोल्हापूर राहिलं होतं, हैदराबाद राहिलं होतं. दादा म्हणाले होते, एकदा हैदराबादला जाऊ, तिथल्या जुन्या बाजारात विमानसुद्धा मिळतं म्हणे.

मुलगी विचारायची, "काटा चालतो का?"

"बसवला. छान बसला," मी सांगायचो.

"काय म्हणाले?"

"खूश झाले फार." हे खोटं नव्हतं.

दसऱ्याला मी सोनं द्यायला ईटला गेलो. दादा मारुतीच्या देवळाकडं गेले होते. अंगणात गाडी उभी, चावी तशीच लावलेली. मी सहज फिरवून बघितली. काटा जागचा हलला नाही. खाली वाकलो तर टाकीची वायर सोडलेली. तोडली नव्हती. नीट सोडवून, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून, गाडीच्या दांड्याला दोऱ्यानं बांधून ठेवली होती.

वहिनी दारात उभ्या होत्या. "त्यांनीच काढली," त्या म्हणाल्या. "तुमी गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी."

"नको होता तर सगळाच काढून परत द्यायचा."

"म्या बी तेच म्हणलं. तर म्हणले, असू दे टाकीत."

दादा आले. आम्ही एकमेकांना सोनं दिलं. सोयाबीनच्या भावावर बोललो. ते अंतर राखून, चांगलंच बोलले.

दिवाळीत मुलगी तिच्या लहानगीला घेऊन आली. जावई कामामुळं पुण्यातच राहिला होता. भाऊबीज झाल्यावर ती म्हणाली, "पप्पा, मला ईटला जायचंय. नाही बोलले तरी चालेल." मी तिला वायरचं सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तरी जायचंय."

तिनंच तिची कार चालवली. आम्ही गल्लीत वळलो तेव्हा दादा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी गाडीकडं बघितलं. काचेतून तिला बघितलं असणार, कारण ते उठले, भिंतीला टेकवलेलं खुरपं घेतलं आणि गोठ्याच्या बाजूनं शेताकडं निघून गेले. आम्हाला त्यांची पाठ दिसली. मुलीनं गाडी बंद केली आणि हात तसेच स्टिअरिंगवर ठेवून बसली.

वहिनींनी मात्र तिला पोटाशी घेतलं. दोघी रडल्या. लहानगी वासराच्या मागं अंगणभर पळत होती. जेवणं झाली, दुपार कलली, दादांचा पत्ता नाही. धारेची वेळ झाली. म्हैस दादांच्या हाताशिवाय पान्हवत नाही, ती वाट बघून ओरडायला लागली. वहिनी शेताच्या वाटेकडं बघत थांबल्या, मग चरवी घेऊन स्वतःच बसल्या. म्हशीनं पाय झाडले, तळ झाकेल एवढंच दूध दिलं.

निघताना वहिनींनी मुलीची ओटी भरली. खण, नारळ, आणि डब्यात खवा. "पुन्हा ये बाय," त्या म्हणाल्या. भूम मागं पडलं. मग मुलगी म्हणाली, "किती म्हातारे झालेत."

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला निघायच्या गडबडीत होती तेव्हा माझा फोन वाजला.

"पोरगी लई वाळलीय," दादा म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

"दादा, ती इथंच आहे. देऊ का फोन?"

त्यांच्या मागं कुठंतरी भट्टीवर उलथनं घासल्याचा आवाज.

"नगं," ते म्हणाले. "जेवत जा म्हणावं तिला." आणि फोन ठेवला.

मी आत जाऊन तिला सांगितलं. ती लहानगीचे कपडे घड्या करून बॅगेत भरत होती. हातातला फ्रॉक तसाच धरून तिनं विचारलं, "आणखी काय म्हणाले?"

"एवढंच."

तिनं मान हलवली, फ्रॉकची घडी घातली आणि पुढचा कपडा उचलला.